कुलूप धबधब्याला, पाटी खाणीला

छोट्याशा उद्यानात अपघात झाला की पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. दोन दिवस फाटक बंद राहतं, मग बैठक होते, आणि आठवड्याभरात धबधब्याच्या वाटेवर साखळी लागते. तिथून हाकेच्या अंतरावर, झुडपांच्या आड, जुन्या खाणीचं तोंड मात्र उघडंच असतं. त्यापुढे गंजकी पाटी: ‘धोका. आत जाऊ नये.’ एवढ्यावर व्यवस्थापनाचं समाधान होतं. माझ्या मते हे बरोबर उलट व्हायला हवं. धबधबा लोकांसाठी खुला असावा, खाण खरोखरीची बंद व्हावी, आणि ती बंद कशी करायची याचा निर्णय ट्रकभर डबर ओतणाऱ्या कंत्राटदारावर सोडू नये.

दोन्ही ठिकाणी माणूस मरू शकतो, हे मान्य. पण धबधब्यापाशी उंची दिसते, पाण्याचा आवाज येतो, ओला कातळ पायाखाली निसटतो. डोळे, कान आणि तळवे मिळून सांगत असतात की जपून. खाणीत यातलं काहीच उपयोगी पडत नाही. प्राणवायू कमी असलेल्या हवेला वास नसतो, रंग नसतो. भुयाराच्या तळात खोदलेल्या खोल विहिरीवरचं पाणी घोटाभर डबक्यासारखं दिसतं. जो धोका दिसतो तो पत्करायचा की नाही हे जाणत्या माणसाला ठरवता येतं. जो दिसतच नाही तो पत्करला असं म्हणण्यात अर्थ नाही. तिथे ठरवण्याची जबाबदारी जागेच्या मालकाची.

हा फरक न्यायालयांनीही केलेला आहे. ब्रिटनमध्ये एका जुन्या वाळूच्या खाणीचं उद्यान झालं होतं, खड्ड्याचा तलाव झाला होता. 1995 साली एका अठरा वर्षांच्या तरुणाने तिथे उथळ पाण्यात सूर मारला आणि त्याची मान मोडली. पोहू नये असे फलक होते, तरी लोक पोहत. म्हणून वाळूच्या काठावर झाडी लावून तो बंदच करून टाकायचा असं स्थानिक परिषदेने आधीच ठरवलं होतं. पैशांअभावी काम रखडलं होतं. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2003 मध्ये निकाल परिषदेच्या बाजूने लागला. उघड दिसणाऱ्या धोक्यापासून प्रौढ माणसाला वाचवण्यासाठी, निवांत वाळूवर बसायला येणाऱ्या सगळ्यांची जागा काढून घेण्याची गरज नाही, असा त्याचा रोख होता. त्याच निकालात अपवादही सांगितला आहे: जिथे खरी, समजून केलेली निवड शक्य नाही, उदाहरणार्थ धोका न कळणारी लहान मुलं, तिथे हा न्याय लागू नाही. बंद खाण याच अपवादाच्या जवळ जाते. तिथे चाळिशीतला माणूसही धोका ओळखण्याच्या बाबतीत लहान मुलाइतकाच अडाणी असतो.

आता खाणीकडे जरा जवळून पाहू, कारण ‘आत धोका असतो’ एवढ्या वाक्याने कुणी थांबत नाही.

बाहेरच्या हवेत प्राणवायू 20.9 टक्के असतो. 19.5 च्या खाली गेला की कामाच्या जागी ती हवा असुरक्षित धरतात. 16 च्या आसपास विचारशक्ती मंदावते, म्हणजे ‘आता परत फिरावं’ हे सुचण्याची क्षमताच आधी जाते. 10 च्या खाली शुद्ध हरपते, 6 च्या आसपास काही मिनिटांत मृत्यू येतो. भुयारातला प्राणवायू जातो कुठे? टेकूचं लाकूड कुजताना तो वापरला जातो, खडकातलं लोहगंधकाचं खनिज गंजताना वापरला जातो. लाकूड कुजताना बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, म्हणून तो सखल भागात साचतो. भुयाराला आत उतार असेल तर उभं असताना बरं वाटणारा माणूस खाली वाकल्यावर कोसळतो आणि त्याला उचलायला वाकलेला दुसराही कोसळतो. मेणबत्ती नेली तर कळेल, हा जुना समज अर्धाच खरा. प्राणवायू कमी झाला की ज्योत विझते हे ठीक. पण कोळशाच्या खाणीत मिथेन 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असला तर तीच ज्योत स्फोट घडवते.

याहून फसवी गोष्ट म्हणजे खाण श्वास घेते. बाहेरचा हवेचा दाब वाढला की ताजी हवा आत जाते, दाब उतरला की आतली शिळी हवा तोंडाकडे येते. त्यामुळे ‘मागे गेलो होतो, काही झालं नाही’ हा अनुभव खरा असूनही निरुपयोगी ठरतो. आणि दाब उतरतो केव्हा? बहुतेकदा वादळी पाऊस येण्याआधी. नेमक्या त्याच वेळी भिजू नये म्हणून लोक भुयाराच्या तोंडाशी आडोशाला शिरतात. फलकावर एकच वाक्य लिहायची परवानगी असेल तर मी ‘धोका’ हा शब्द गाळून ‘पावसात आडोसा म्हणूनही आत थांबू नका’ असं लिहीन. तोंडापाशी थांबण्यात दुसरीही जोखीम आहे. ऊन, पाऊस आणि झाडांची मुळं यांनी खडक सर्वांत जास्त फुटलेला असतो तो पहिल्या काही मीटरांतच. छत तिथेच सुटतं.

जमिनीचं सांगायचं तर, आडव्या भुयाराच्या तळातून खाली उतरणाऱ्या उभ्या विहिरी खोदलेल्या असतात, खालच्या थरातलं खनिज वर काढायला. खाण बंद पडल्यावर त्या पाण्याने भरतात. वर फळ्या टाकलेल्या असतील तर त्यांवर चिखल साचून जमीन सलग दिसते. फळी वरून धड, आतून भुगा. टेकूंचंही तसंच, हात लावून ‘मजबूत आहे का’ बघणं हाच कधी कधी ते पडण्याचा क्षण असतो. कोनाड्यांत सुरुंगाचं जुनं सामान राहून गेलेलं सापडतं. जुन्या डायनामाइटमधून नायट्रोग्लिसरीन पाझरून वर थेंब किंवा खडे दिसू लागले की तो नुसत्या हालचालीनेही उडू शकतो. वायर बाहेर आलेली बोटाएवढी धातूची नळी म्हणजे डिटोनेटर, सुरुंग उडवणारा. मुलांना ती उचलावीशी वाटते, म्हणून तिचं चित्र फलकावर असावं. दिसली तर हात लावायचा नाही, जागा लक्षात ठेवून मागे फिरायचं आणि पोलिसांना कळवायचं.

खाणीचं तोंड एकच असतं असंही नाही. हवेसाठी आणि माल वर काढण्यासाठी टेकडीच्या माथ्यावर उभे कूप खोदलेले असतात. काम थांबलं तेव्हा त्यांवर ओंडके टाकून माती लोटलेली असते. ओंडके कुजतात आणि एखाद्या पावसाळ्यात तिथे नरसाळ्यासारखा खळगा पडतो. पायवाटेच्या कडेला असा गोल खळगा दिसला, त्यात झाडं आतल्या बाजूला झुकलेली असली, तर त्यात उतरायचं नाही आणि काठावरही उभं राहायचं नाही. उद्यानाने वाट आखताना जुने नकाशे पाहावेत, पण त्यांवर विसंबू नये. नकाशे अखेरच्या खोदकामापर्यंत पूर्ण केलेले असतीलच असं नाही.

मग बंद कशी करायची? पहिली सूचना नेहमी तीच येते: मुरूम-डबर ओता, वर काँक्रीट मारा. ही सर्वांत स्वस्त वाटणारी आणि सर्वांत महागात पडू शकणारी चूक आहे, कारण भुयारातून पाणी वाहत असतं. निचऱ्याची सोय न ठेवता तोंड बुजवलं की मागे पाणी चढत राहतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत गोल्ड किंग नावाच्या बंद खाणीत ढासळलेल्या दगडमातीमागे असंच पाणी तुंबलं होतं. 5 ऑगस्ट 2015 रोजी पाहणीसाठी तोंड उकरताना ते फुटलं. सुमारे 30 लाख गॅलन, म्हणजे एक कोटी लिटरहून जास्त, धातुमिश्रित पाणी नदीत गेलं आणि अ‍ॅनिमस नदी पिवळी पडली. छोट्या उद्यानातली खाण एवढी मोठी नसेल. पण तिच्या खाली पायवाट असते, डोह असतो, त्यात माणसं असतात.

बुजवण्याविरुद्ध दुसरं कारण वटवाघळांचं. भुयारातलं तापमान वर्षभर जवळपास एकसारखं राहतं, म्हणून विणीसाठी किंवा थंड प्रदेशात हिवाळी झोपेसाठी वटवाघळं तिथे जमतात. उत्तर अमेरिकेत 2006 पासून ‘व्हाइट नोज सिंड्रोम’ या बुरशीजन्य रोगाने लाखो वटवाघळं मारली. झोपेत असलेल्या वसाहतीत माणसाने वारंवार जाणं आणि कपड्याबुटांवरून बुरशी पसरवणं किती महागात पडतं हे तेव्हा कळलं. म्हणजे माणूस बाहेर ठेवायचा आणि वटवाघळाला वाट ठेवायची. याचं उत्तर गजांचं फाटक. ते कुठल्याही लोहाराने अंदाजाने करायचं काम नाही, मापं ठरलेली आहेत. गज आडवे असतात, दोन गजांमधली मोकळी जागा 5¾ इंच, म्हणजे साधारण साडेचौदा सेंटिमीटर. त्यातून माणूस शिरू शकत नाही, वटवाघूळ पंख पसरून आडवं निघून जातं. उभे आधार शक्य तितके लांब लांब ठेवायचे. दाट उभे गज किंवा बारीक जाळी लावली तर वटवाघळं भुयार सोडून जातात, आणि जाळीत पालापाचोळा अडकून हवा व पाणी दोन्ही तुंबतात. खालचा भाग विटांनी बांधून वर थोडी जाळी ठेवणं हाही चुकीचा तोडगा, त्याने आतल्या हवेचं येणं-जाणं आणि तापमान बदलतं. गज मातीत रोवले तर लोक खालून उकरतात, म्हणून सुट्या दगडाच्या मागे, धड खडकात भोकं पाडून सळ्या बसवायच्या आणि फाटक त्यांना वेल्ड करायचं. एक गज कुलूप काढून सरकवता येईल असा ठेवायचा, पाहणीसाठी आणि सुटकेसाठी.

काम कधी करायचं हेही महत्त्वाचं. विणीच्या किंवा झोपेच्या काळात वेल्डिंगचा धूर आत सोडला तर फाटक लावून काय मिळवलं? आधी वेगवेगळ्या ऋतूंत संध्याकाळी तोंडाबाहेर बसून किती वटवाघळं बाहेर पडतात ते मोजायचं. एकही नसेल, पाणीही वाहत नसेल, तर भुयार पक्कं बुजवायला माझी हरकत नाही. माथ्यावरच्या उभ्या कूपांना नुसतं तारेचं कुंपण मात्र कधीच पुरेसं नसतं. तार गंजते, खांब वाकतात आणि कूपाचा काठ ढासळत ढासळत कुंपणापर्यंत येतो.

इतिहासप्रेमींचा आक्षेप इथे येतो आणि तो रास्त आहे: खाण हा त्या जागेचा वारसा, ती लोकांना दाखवायची नाही का? दाखवायची, पण बाहेरून. फाटकापुढे पाच-सहा माणसं उभी राहतील असा चौथरा केला तर गजांतून छिन्नीच्या खुणा दिसतात, उन्हाळ्यात आतून येणारी गार हवा अंगावर येते. रुळांचे तुकडे, यंत्राचा पाया, मालाचा उतरता मार्ग हे सगळं उघड्यावर असतं आणि भुयारातल्या अंधारापेक्षा जास्त सांगतं. आत नेऊन दाखवायचं तर दुसरी बाहेरची वाट, वायुवीजन, वायुमापक आणि अभियंत्याची नियमित तपासणी एवढं हवं. ज्या उद्यानाला स्वच्छतागृहाचा नळ दुरुस्त करायला महिना लागतो त्याने हा विचारही करू नये.

खाणीची सावली तिच्या तोंडापुरती राहत नाही, हे मात्र फारसं कुणी लक्षात घेत नाही. भुयारातून निघणाऱ्या ओहोळाचा तळ नारिंगी असेल तर लोहगंधकाचं खनिज हवा-पाण्यात गंजून आम्ल तयार झालेलं असतं आणि विरघळलेलं लोह बाहेर येऊन बसलेलं असतं. दगड उलटून पाहिला तर खाली किडे नसतात. उलट पाणी नितळ दिसतं म्हणून चांगलं असंही नाही, कारण आम्ल जास्त असेल तेव्हा लोह विरघळलेलंच राहतं आणि काही रंग दिसत नाही. हे पाणी उकळून पिण्यात शहाणपण नाही. उकळल्याने जंतू मरतात. शिसं, आर्सेनिक आहे तिथेच राहतं, पाणी आटल्याने उलट दाट होतं. जंतूंसाठी बनवलेल्या गाळणीतूनही विरघळलेले धातू पार जातात. हा ओहोळ धबधब्याच्या वर ओढ्याला मिळत असेल तर खालच्या डोहातल्या पाण्याची तपासणी करून आकडे डोहापाशी लावणं उद्यानाचं काम आहे. खाणीबाहेरचा बारीक चुऱ्याचा ढीग मुलांना घसरगुंडी वाटतो. त्यावर माती टाकून गवत धरेपर्यंत तो भाग बंद ठेवावा. तिथे बसून खाऊ नये, हात धुतल्याशिवाय तर नाहीच.

आता धबधबा. तो उघडा ठेवा म्हणजे वाऱ्यावर सोडा असं नव्हे. तिथेही काही गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत, त्या दाखवून द्याव्या लागतात. कित्येक धबधब्यांत वरचा थर कठीण आणि खालचा मऊ असतो. पाणी खालचा थर कोरत आत जातं आणि वरची शिळा पुढे तरंगत राहते. तिच्या टोकावर उभा असलेला माणूस स्वतःला कड्यावर समजतो, प्रत्यक्षात तो छज्ज्यावर असतो. माथ्याचा कातळ एकदम तुटत नाही, हळूहळू गोलाकार उतरतो, त्यामुळे ‘इथेच थांबावं’ अशी जागा कळत नाही, आणि शेवाळाचा पातळ थर कोरड्या दिसणाऱ्या दगडावरही असतो. लोक टोकापर्यंत का जातात? बहुतेक उद्यानांत धबधबा नीट दिसेल अशी दुसरी जागाच केलेली नसते, म्हणून. समोरच्या बाजूला, धारेच्या मध्याच्या उंचीवर, एक चांगला कठड्याचा ओटा बांधला की माथ्याकडची गर्दी आपोआप ओसरते. माथ्याच्या टोकावर कठडा बांधणं हा त्याउलट प्रकार, तो माणसाला निमंत्रण देऊन टोकापर्यंत नेतो. अडवायचंच असेल तर माती संपून कातळ सुरू होतो तिथे अडवा.

डोहाबद्दल दोन आकडे पुरेत. 10 मीटरवरून पडणारी वस्तू पाण्याला भिडते तेव्हा तिचा वेग ताशी 50 किलोमीटरच्या आसपास असतो. हे उडी मारणाऱ्याला लागू आहे तसंच धारेबरोबर येणाऱ्या दगडालाही, म्हणून धारेखाली डोकं धरून उभं राहणं हा मूर्खपणा आहे. धारेजवळच्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, ते अंगाला वर उचलत नाही. पट्टीचा पोहणाराही तिथे खाली जातो. पाणी फार थंड असेल तर पहिल्या मिनिटात श्वास आपोआप ओढला जातो आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. मागच्या वर्षी खोल असलेला कोपरा यंदाच्या पुराने दगडांनी भरलेला असू शकतो.

सर्वांत मोठा न दिसणारा धोका वरच्या पाणलोटातला. इथे स्वच्छ ऊन असताना वर पाऊस पडतो आणि छोट्या ओढ्याला पाणी काही मिनिटांत चढतं. पाणी गढूळ होणं, काड्या-पानं वाहून येणं, आवाजाचा पोत बदलून तो जड होणं, यातलं एकही दिसलं की सामान न आवरता काठावरून वर जायचं, वाटेने खाली नाही. पलीकडच्या तीरावर अडकलात तर थांबायचं. छोट्या ओढ्याचं पाणी चढतं तसं उतरतंही, बहुधा काही तासांत. गुडघ्याएवढ्या वेगवान पाण्यात उतरणाऱ्याला तेवढा धीर नसतो. यासाठी उद्यानाने करायचं काम साधं आहे. ओढा ओलांडण्याच्या जागी कातळावर लाल रेघ मारायची आणि नियम लावायचा: पाणी रेघेवर आलं की खालची वाट बंद. ही बंदी मला मान्य आहे. तिला कारण आहे, ती डोळ्यांनी पडताळता येते आणि पाणी उतरलं की ती उठते. तीन-चार महिन्यांच्या सरसकट बंदीत यातलं काहीच नसतं. त्या बंदीत धबधबा कोरडा असतानाचा दिवस आणि पुराचा दिवस एकाच मापाने मोजले जातात, आणि लोक पाटी वाचणं सोडून देतात ते इथूनच.

वाटेचं थोडक्यात. फलकावर अंतराऐवजी वेळ लिहावी. 1892 पासून डोंगरात चालणारा, स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा हिशेब अजून चांगला आहे: ताशी 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाईला एक तास जास्त. 4 किलोमीटरच्या फेरीत 240 मीटर चढ असेल तर 48 अधिक 24, म्हणजे 72 मिनिटं, थांबणं सोडून. मुलं बरोबर असतील तर याच्या दीडपट धरा. वाट आखताना तिचा उतार टेकडीच्या स्वतःच्या उताराच्या निम्म्याहून जास्त ठेवू नये आणि सरासरी 10 टक्क्यांच्या वर नेऊ नये, नाहीतर पावसाचं पाणी वाटेलाच ओढा करून टाकतं. वाट उखडली की लोक कडेने चालतात, कडेने चालता चालता नागमोडी वळणं तोडतात, आणि असल्याच एका चोरवाटेने माथ्यावरच्या बुजलेल्या कूपापाशी पोचतात. खाणीची सुरक्षितता पायवाटेच्या डागडुजीपासून सुरू होते ती अशी.

‘सगळंच बंद केलं तर प्रश्नच मिटला’ असं म्हणणाऱ्यांनी बंद उद्यानात कोण जातं ते पाहावं. कुटुंबं जात नाहीत, म्हातारी माणसं जात नाहीत. जातात ते कुंपण ओलांडणारे, मागच्या बाजूने, वाट नसलेल्या उतारावरून, घरी न सांगता. एरवी कुणी घसरलं तर हाक ऐकणारी दहा माणसं आसपास असतात, ती आता नसतात. शोधपथकाला शोध कुठून सुरू करायचा हेही कळत नाही.

पैसा नाही, हे मात्र खरं असतं. म्हणून क्रम लावावा. आधी खाणीचं फाटक आणि कूपांची झाकणं, मग समोरचा ओटा आणि लाल रेघ, मग पाण्याची तपासणी. रंगीत कमान आणि सेल्फीची चौकट सर्वांत शेवटी किंवा कधीच नाही. आणि फाटक लावून फोटो काढला की काम झालं असं समजू नये. खाणीत शिरायचंच ठरवलेले लोक करवत घेऊन येतात. कापलेला एक गज महिनाभर तसाच राहिला तर फाटक नसल्यात जमा, उलट ‘आत काहीतरी पाहण्यासारखं आहे’ अशी जाहिरात होते. जमीन एका खात्याची, खाणीचा हक्क दुसऱ्याचा आणि ओढा तिसऱ्याचा असेल तर या गजाची तक्रार टेबलावरून टेबलावर फिरते. म्हणून तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक आणि त्या जागेचा ठिकाण-क्रमांक फाटकावरच ठळक लिहिलेला हवा, आणि तो फोन उचलणाऱ्याला वेल्डरला त्याच दिवशी बोलावून बिल मंजूर करण्याचा अधिकार हवा.